तेलगावचा पहिला घाणा आणि आप्पाची जीभ

शिवलिंगआप्पा आता बसले की उठायच्या आधी दोनदा विचार करायचे. वय म्हणाल तर पंचावन्न, पण वीस वर्षं मशीनपुढं उभं राहून गुडघ्यांची पार वाट लागलेली. तेलगावात मशीनचा पहिला तेलघाणा ह्याच माणसानं आणला, हे आताशा लोकांना सांगावं लागायचं. सांगावं लागायचं म्हणजे बघा!

मूळचा हा माणूस कोरडवाहू चार एकरांतला. ज्वारीत करडीचे पट्टे असायचे. पहाटेच्या दवात काटे नरम असतात तोवरच करडी उपटायची, हाताला चिंध्या गुंडाळायच्या, तरी बोटं फाटायचीच. बहात्तरच्या दुष्काळात तेवढंही उगवलं नाही. सगळा गाव खडी फोडायला गेला आणि शिवलिंग माजलगावला रहमतुल्ला मिस्त्रीच्या वर्कशॉपात झाडू मारायला लागला. नट कुठल्या बाजूनं फिरतो हे ठाऊक नव्हतं गड्याला.

"अबे शिवलिंग, मशीन हाय ती, बैल न्हाई. चुचकारून चालत न्हाई," असं मिस्त्री दिवसातून दहादा ओरडायचा. पण शिकवलं त्यानंच. पाच वर्षांनी कुठल्याशा बंद गिरणीतली भंगारातली तेलाची मशीन मिस्त्रीनं शोधून काढली, दोघांनी मिळून ती खोलली, घासली, जोडली आणि बैलगाडीत घालून तेलगावात आणली. पहिल्या दिवशी पिवळं तेल धारेला लागलं तेव्हा शिवलिंग रडला. मिस्त्रीनं त्याला शिव्या घातल्या आणि मग स्वतःही डोळे पुसले.

मग मात्र दिवस पालटले. तीन मशिनी झाल्या, विटांचं घर झालं, शिवलिंगचा शिवलिंगआप्पा झाला. आणि हे झालं एका रीतीपायी. ज्याची करडी त्याचंच तेल. पाटलाची दहा पोती असोत नाहीतर म्हाताऱ्या बाईच्या दोन पायल्या, एकाचा माल संपला की आप्पा मशीन थांबवणार, पेंड काढणार, परात पुसणार, मगच दुसऱ्याची करडी ओतणार. वेळ लई जायचा. लोक हसायचे. पण बाया मशीनशेजारी फतकल मारून बसायच्या आणि आपल्याच रानाचं तेल डोळ्यांदेखत कॅनमध्ये भरून न्यायच्या.

पुढं धरणाचं पाणी कालव्यानं आलं आणि करडीच्या जागी ऊस उभा राहिला. आप्पांनीसुद्धा ऊसच लावला की! दुसऱ्याला कशाला बोल लावायचा. बांधाकडेला एक पट्टा तेवढा करडीला ठेवला, त्याचं तेल घरी खायचं आणि उरलं तर घाण्यावर विकायचं. तेवढ्यात सरकारनं बाहेरच्या तेलाला दार उघडलं. डब्यावर झाडाचं चित्र, आत पामतेल, आणि करडीच्या निम्म्यात मिळायचं. ना वास, ना रंग. दोन मशिनी बंद पडल्या. तिसरीला सबंध हंगामाची करडी आठ दिवस पुरेना.

थोरला रवि समजूतदार पोरगा. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आप्पा, आर्धं पामतेल मिसळू. सगळेच करतेत. न्हाईतर घाणा बंद करून डब्याची एजन्सी घेऊ. काय ते गुढीपाडव्याच्या आत सांगा, एजन्सीचा माणूस थांबलाय."

आप्पांच्या हातात कांदाभजी होती. ती त्यांनी त्याच्या तोंडापुढं धरली.

"ही खा बे. हिला म्हणतेत करडीचं तेल! मिसळलं की जिभेला कळतंय. लोकाच्या जिभा काय मेल्यात? आज ना उद्या येतील माघारी. घाणा चालू राहील."

रवि खाली मान घालून जेवत राहिला. रविच्या आई नीलाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी मागं वळून बघितलं नाही. आपणच जिंकलो असं आप्पांना वाटलं. अहो, किती सुखात जेवला तो माणूस त्या दिवशी!

पाडवा चार दिवसांवर आला असताना भरदुपारी वीज गेली. आप्पा कधी नव्हे ते जेवायच्या वेळेला परसदारानं घरात आले. नीलाबाई चुलीपुढं वाकून तेलाची किटली भरत होत्या. भरत होत्या त्या झाडाच्या चित्राच्या डब्यातून.

"हे काय?"

नीलाबाईंनी डबा लपवला नाही. "तेल हाय."

"कवापासून?"

"परवाच्या न्हाई, त्याच्या आदल्या दिवाळीपासून."

आप्पा उंबऱ्यावरच बसले. "कावून पण? आपल्या पट्ट्याचं तेल होतं ना घरात?"

"कुठलं होतं? करडी मिळंना झाली. बाया दुरून रिकामा कॅन घेऊन तेल इकत घ्यायला यायच्या. माघारी गेल्या असत्या तर तुमी चार दिस जेवला नसता. म्हणून घरातलं तेल मीच घाण्यावर धाडायची. घाण्यावरच्या गड्याला म्हणायची, आप्पाला सांगू नगं."

"आन् रविला?"

"त्योच आणतो की डबा."

आप्पांना त्या डब्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पोराचं. त्या भज्याच्या वेळी एक शब्द बोलला असता तर बापाचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि तो बोलला नाही. दीड वर्ष आपली जीभ पामतेल चाटत होती आणि करडीचे गोडवे गात होती. लाज वाटली, लई लाज वाटली. आणि त्या लाजेखाली, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. आता कुणाशी भांडायचं नव्हतं.

"वाढ," ते म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या आणि रविला हाक मारली.

"मिसळायचं न्हाई. डबा डब्याच्याच नावानं विकायचा. एजन्सी घे. रहमतुल्लाभाईला निरोप धाड, मशीन खोलायला ये म्हणावं."

"आप्पा..."

"जा म्हणलं ना."

शेवटची करडी छबुबाईची निघाली. सत्तरीची म्हातारी, दोन पायल्या घेऊन धारूरच्या वाटेनं चालत आलेली. आप्पांनी मशीन पुसली, तिची करडी ओतली, धार बारीक होईस्तोवर उभे राहिले आणि कॅनचं झाकण स्वतः आवळून दिलं.

"मावशी, घाणा बंद होतोय आजपासून."

"अगं बया! मग पुढच्या साली मी कुठं जाऊ रं शिवलिंगा?"

"कुठंच जाऊ नगा. दुकानातला डबा घ्या. मीबी तेच खातो."

छबुबाई डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघत राहिली, मग खो खो हसायला लागली.

"मेल्या, म्हातारीची चेष्टा करतोस व्हय! तू खाशील पामतेल?"

"खरंच खातो, मावशी. दीड वरीस झालं. मला कळलंसुद्धा न्हाई."

"चल, काहीतरीच!" म्हातारीनं कॅन डोक्यावर घेतला आणि हसत हसत वाटेला लागली. दारात उभ्या असलेल्या रविला ती सांगत गेली, "तुझा बाप लई चेष्टेखोर झालाय रं."