नंदीच्या पोत्याला आकडा

रंगात मिसळायच्या टर्पेंटाइनचा वास आला की मी थेट गुलबर्ग्याच्या अडत बाजारात पोचतो. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी काढलेलं पहिलंवहिलं व्यापारी चिन्ह, चांगला ऐटबाज नंदी, डाळीच्या पोत्यांवर छापून झालं होतं. मालगाडी स्टेशनात उभी, आणि हमाल पोत्यांना हात लावीनात.

अडत्ये शिवप्पाण्णांनी माझ्याकडं बघत डोळे बारीक केले. "समोरच्या दुकानदारानं फितवलंय व्हय रे तुला?"

मला हमालांचाच संशय, मजुरी वाढवून हवी असणार. तेवढ्यात म्हातारा हमाल पोती उचलायचा लोखंडी आकडा पाठीमागं लपवत म्हणाला, "अण्णा, नंदीच्या अंगात आकडा कसा खुपसायचा?"

शिवप्पाण्णांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. डाळ नव्या पोत्यांत भरली, त्यांवर मी तुरीची शेंग छापली.

आजही नवं चिन्ह काढलं की आधी हमालाला दाखवतो.