कोल्ह्याच्या शिकारीचे शाकाहारी मानकरी

शिकारीची बाजू घेऊन भांडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, आणि मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळणारीही पुष्कळ असतील. पण ही दोन्ही माणसं एकाच तपकिरी ट्वीडच्या कोटात गुण्यागोविंदानं राहताना मी एकदाच पाहिली. ते आमचे काका. खरं तर ते माझे कुणीच नव्हेत. बाबांचे कॉलेजातले मित्र. ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवण्यात सगळी नोकरी घालवून ते शहराबाहेरच्या एका खेड्यात राहत होते, काकू गेल्यापासून एकटेच. मला ब्रिस्टलला नोकरी लागली तेव्हा बाबांनी त्यांना फोन केला आणि 'जागा मिळेपर्यंत' म्हणून मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले. जागा मी पुढे कधी शोधलीच नाही. मी फार बोलत नाही, आणि हा माझा गुण पहिल्यांदा कुणाला आवडला असेल तर तो काकांना. "तुझ्याशी गप्पा मारायला मजा येते," असं ते दोन तास एकटे बोलून झाल्यावर म्हणायचे.

काकांच्या घरात कुठल्याही जिवाला अभय होतं. बाथटबमध्ये कोळी आला की काका त्याच्यावर ग्लास पालथा घालत, खालून पोस्टकार्ड सरकवत आणि त्याला बागेत सोडून "सांभाळून जा रे बाबा" म्हणत. बागेतल्या गोगलगायींनी त्यांचा सगळा कोबी खाल्ला तेव्हा शेजारच्या बाईंनी विषारी निळ्या गोळ्या आणून दिल्या. काकांनी त्या 'थँक यू' म्हणून ठेवून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत गोगलगायी गोळा करून त्या बाईंच्याच कुंपणापलीकडे नेऊन ठेवल्या. "मारायला नको आणि उपाशी ठेवायला नको. त्यांच्याकडे लेट्यूस आहे."

मूळचे ते मालवणकडचे. मालवणकडचा माणूस मासे खात नाही हीच मुळात बातमी होण्यासारखी गोष्ट, पण त्यालाही कारण होतं. काकांच्या लहानपणी त्यांच्या गावात शिमग्याला पारध निघायची. सगळा गाव देवळापुढे जमायचा, नारळ ठेवला जायचा, आणि पारधीआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागायचा, मान काकांच्या घराण्याचा. त्यांचे वडील एकेक ओळ खड्या आवाजात म्हणत आणि गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार देई. मग रानडुक्कर मिळालं की मानाप्रमाणे वाटे व्हायचे आणि यांचा वाटा घरी यायचा. तो वाटा एकदा छोट्या काकांनी जवळून पाहिला आणि त्या दिवसापासून मांसमच्छी कायमची सोडली. पण गाऱ्हाण्याचं वेड मात्र सुटलं नाही. "वाटा नको होता मला," ते सांगायचे, "मान हवा होता. मी इकडे आलो आणि तो चुलतभावाकडे गेला. त्याला धड आवाजही नाही."

तेव्हापासून काकांनी जगाकडे एकाच खिडकीतून पाहिलं: कोणाचा मान कुठला. मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक आधी कुणी धरायचं यावर ते इतकं शास्त्रशुद्ध बोलत, की तोवर निरांजन विझून जाई. एकदा त्यांच्या गाडीतून आम्ही मिल्टन कीन्सला एका मुंजीला गेलो. त्या गावात रस्त्यांपेक्षा राउंडअबाउट, म्हणजे वाहतुकीची वर्तुळं, जास्त. आणि राउंडअबाउटवर जो आधी आत शिरला त्याचा हक्क, हा नियम काकांना पाठ होता. पण आत शिरल्यावर ते थांबत आणि बाहेरच्या गाडीला हातानं 'या, या' करत. मागून हॉर्नचा वाद्यवृंद सुरू झाला. मी सीटमध्ये जमेल तेवढी खाली सरकले. "हक्क आपलाच आहे गं," काका शांतपणे म्हणाले, "पण दिला की शोभतो." मुंजीला आम्ही पोचलो तेव्हा बटू जेवून झोपला होता.

अशा माणसाला इंग्लंडच्या खेड्यातली कोल्ह्याची शिकार आवडली नसती तरच नवल. घोडे, कुत्रे, शिंग फुंकणारा एक, लाल कोट घालायचा मान ठरावीक लोकांनाच, आणि सगळ्यांच्या वर 'मास्टर', म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, घोड्यावर बसल्या की चाळिशीच्या दिसणाऱ्या एक उंच बाई. काकांच्या लेखी हे सगळं त्यांच्या गावासारखंच होतं, फक्त थंडी जास्त. त्यांचं घर गावाच्या टोकाला, शेताच्या फाटकाला लागून. ते राहायला आले त्या वर्षी शिकार तिथून निघाली होती आणि मास्टरबाईंनी सहज म्हटलं, फाटक उघडाल का जरा? काकांनी उघडलं. जाता जाता एकेका स्वारानं टोपीला हात लावून त्यांना सलाम केला. बाईंना वाटलं, एका शेजाऱ्यानं मदत केली. काकांना वाटलं, गावानं मान दिला. पुढे दर शिकारीला ते टाय लावून, कोट घालून, बुटांना पॉलिश करून फाटकाशी उभे. गावात सगळे त्यांना 'काका'च म्हणत. मास्टरबाई घोड्यावरून वाकून "मॉर्निंग, काका!" म्हणत तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मग शिकारबंदीचा कायदा झाला आणि गावात दुसरा विषय राहिला नाही. पबमध्ये तरुण शेतकरी मुठी आपटून म्हणत, शिकार हा आमचा हक्क आहे. काका संत्र्याच्या रसाचा ग्लास हातात घेऊन मधे पडत. "हक्क कसला? मान आहे तो, प्रिव्हिलेज. गावानं दिला तोवर मिरवायचा. उद्या गाव म्हणालं पुरे, तर गुपचूप घोड्यावरून उतरायचं." "मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात, काका?" "तुमच्याच!" काका ठणकावून सांगत आणि ते बिचारे आणखी गोंधळत. अशा तऱ्हेनं दोन्ही बाजूंना सारखंच दुखवण्याची विद्या त्यांना साधली होती.

त्यांच्या मुलीला मात्र गोंधळ नव्हता. केतकी इथेच जन्मलेली, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिच्या मते हक्क असलाच तर तो कोल्ह्याचा. हा वाद जुनाच होता, पण त्या नाताळात भडकला. "बाबा, तू एक गोगलगाय मारत नाही आणि त्या लोकांसाठी गेट ओपन करतो! यू आर अ हिपोक्रिट." काका म्हणाले, "मी फाटक उघडतो, कोल्हा मारत नाही." "सेम थिंग!" "तुला मान म्हणजे काय ते कळणार नाही." "आणि तुला कोल्हा म्हणजे काय ते कळणार नाही!" ती त्याच संध्याकाळी बॅग उचलून निघाली. दारात मला म्हणाली, "त्याला सांग, तो शिकारीला जाणं थांबवेपर्यंत मी घरी येणार नाही." काका दारातच उभे होते, तीन फुटांवर.

त्यानंतर दोघंही माझ्याशीच बोलायचे. केतकी फोनवर विचारायची, "ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेतो का तो?" आणि मागून काका ओरडायचे, "सांग, माझी मी घेतो!" पुढे तेही बंद झालं. काकांनी रविवारी दुपारी फोनजवळच्या खुर्चीत बसायला सुरुवात केली. पेपर हातात असे. पान उलटत नसे. मी काही विचारलं नाही. आमच्या दोघांतला करारच तसा होता.

बंदी फेब्रुवारीत लागू होणार होती. त्याच्या आधीच्या शेवटच्या शिकारीला, निघण्यापूर्वी चार शब्द बोलायचा मान मास्टरबाईंनी काकांना दिला. घरी येऊन काकांनी भरलेला चहाचा कप तसाच धुवून टाकला. त्यांच्या बाबतीत हे चिंताजनक होतं. मग म्हणाले, "भाषण नाही. गाऱ्हाणं." आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. काका देवाला हाक मारत आणि सगळा गाव म्हणून मी एकटी, पोळ्या लाटत, जमेल तेवढ्या मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायची. "अगं, गाव असा कुजबुजत नाही!" शेवटची ओळ अशी होती: "आज शिकार हाताक लागांदे रे म्हाराजा!"

त्या सकाळी गावातल्या हिरवळीवर मी इतकी माणसं कधी पाहिली नव्हती. घोड्यांच्या नाकातून वाफा, ट्रेमधून फिरणारी पोर्ट वाइन, रस्त्यापलीकडे फलक घेतलेले विरोधक, आणि मधे दोन पोलीस. काकांनी दगडावर नारळ ठेवला आणि सगळ्यांना इंग्रजीत समजावलं, की मी थांबलो की तुम्ही काय म्हणायचं. इंग्रज माणसाला काय करायचं ते नीट सांगितलं की तो ते मनापासून करतो. "बा देवा रवळनाथा, आज तुझी सगळी लेकरा हय जमली असत रे म्हाराजा!" आणि शंभर एक गळ्यांतून आलं, "व्हय म्हाराजा!" एक घोडा दचकून मागे सरकला. "त्येंच्या घोड्यांका, कुत्र्यांका सांभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

मग काका थांबले. ते रस्त्यापलीकडे बघत होते. मीही पाहिलं. फलकांच्या गर्दीत, हिरव्या जॅकेटमध्ये, केतकी उभी होती. रात्रपाळी करून थेट गाडी चालवत आलेली, डोळे सुजलेले. तिच्या फलकावर एक कोल्हा होता, जरा मांजरासारखा काढलेला.

काका पुन्हा नारळाकडे वळले. "आणि तो कोल्हो," ते म्हणाले, "तो पण तुझोच रे म्हाराजा. त्येका आज सुखान त्येच्या घराक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लाल कोट गरजले.

"आणि रुसलेला चेडू पण आज आपल्या घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मास्टरबाईंनी तर टोपी हवेत उंचावली. चेडू म्हणजे मुलगी, हे तिथे फक्त तिघांना ठाऊक होतं. केतकीला मराठीतलं लिंग, वचन कधी जमलं नाही, पण बापाची मालवणी तिला पाळण्यापासून कळत होती. ती आधी तोंडावर हात धरून हसली आणि मग तो हात तिनं डोळ्यांवर नेला. तिच्या शेजारचा दाढीवाला तिला विचारत होता, "काय म्हणाला तो? काय म्हणाला?"

काकांनी नारळ फोडला. खोबऱ्यावर सगळी कुत्री तुटून पडली, आणि त्यांना गोळा करण्यात शिंगवाल्याची बरीच फुंक वाया गेली. मग काकांनी नेहमीप्रमाणे फाटक उघडलं. त्या दिवशी कोल्हा मिळाला नाही. मास्टरबाईंच्या मते जमीन फार गार होती, वास धरला नाही. काकांनी त्यांना "असेल, असेल" म्हटलं.

केतकी फलक दाराबाहेर टेकवून घरात आली. कुणी माफी मागितली नाही. काकांनी पिठलं टाकलं, तिनं दोनदा भात घेतला, आणि तिसऱ्यांदा वाढताना भांडण सुरू झालं. "कोल्ह्याला सोड म्हणाला, मग गेट का उघडलं?" "मान होता माझा!" "मान, मान! बाबा, मान इज नॉट अ रीझन!" तिखट, जोरदार, आणि किती दिवसांनी. मी ताटं उचलून आत नेली आणि मुद्दाम सावकाश घासली.

बाहेर आले तेव्हा केतकी सोफ्यावर आडवी झाली होती, डोळे मिटलेले, एक बूट पायात तसाच. दुपारचं फिकट ऊन तिच्या केसांवर होतं. काका समोरच्या खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि आपला मुद्दा अजून मांडतच होते, पण आवाज त्यांनी अगदी खाली आणला होता. मला पाहून त्यांनी हातानंच विचारलं, झोपली का?

"झोपली," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो, काका."

"मग सांगायला हरकत नाही," ते कुजबुजले. "बरोबर आहे तिचं." मग घाईनं बोट वर केलं. "सगळं नाही हां. पण बरंचसं."

केतकीचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठांचा एक कोपरा हलला होता. तो काकांना दिसला नाही. चष्मा कपाळावर होता. मी कुणालाच काही सांगितलं नाही. पुढे दोघं त्याच विषयावर कित्येक वर्षं भांडली, फोनवर, प्रत्यक्ष, एकदा तर माझ्या लग्नात, अक्षता पडत असताना. आणि दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. पण सांगितलं असतं, तर ती दोघं भांडायची कशावर?