साक्षीदाराची सही

तिनं मला ताई म्हणायला सुरुवात केली, तिथूनच माझं बिनसलं. आम्ही दोघी औषधांच्या एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच हुद्द्यावर रुजू झालो होतो. वयात अंतर म्हणाल तर सात महिन्यांचं. पण पहिल्याच दिवशी इंदूरबाहेर, राऊ गावाच्या पुढे कंपनीची बस जरा मोकळी झाली, तशी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इंदूरच्याच का?"

मी हो म्हणाले ते तोऱ्यातच. माझे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते आणि घरात आजही कुणी 'पाणी गरम केलं' म्हटलं तर आई 'तापवलं' म्हणून दुरुस्त करते. ती इंदूरजवळच्या बेटम्याची. वडील तिथल्या शाळेत मास्तर, आई तिथल्याच मालवी घरातली, त्यामुळे घरात मराठी अर्धी आणि मालवी अर्धी. मी विद्यापीठात पहिली आले होते. हे मी तिला पहिल्या आठवड्यात दोनदा तरी सांगितलं असेन. दोन्ही वेळा तिनं इतक्या कौतुकानं ऐकलं की मला थोडं ओशाळल्यासारखं झालं आणि त्याचाही राग आला.

आमचं काम गोळ्यांचं. औषध शोधून काढणारे वेगळे. ते गोळीत बसवायचं, कडू लागू नये म्हणून, दमट हवेत बिघडू नये म्हणून तिच्यावर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा, हे आमच्याकडे. आडवं फिरणारं एक मोठं पिंप असतं. त्यात गोळ्या घोळत राहतात, वरून पॉलिमरचं द्रावण फवारलं जातं आणि गरम हवेनं वाळत जातं. ऐकायला सोपं आहे. हवा जरा कमी पडली की गोळ्या एकमेकींना चिकटतात, जास्त झाली की द्रावण गोळीवर पोचायच्या आतच वाळून भुकटी होतं. हे सगळं हातानं कळावं लागतं, आणि तिच्या हाताला ते कळायचं. पिंपाच्या तोंडाशी उभी राहून ती नुसत्या आवाजावरून सांगायची, "ताई, गोळ्या ओल्या होऊन राहिल्यात." मी आकडे बघायची. आकडे मला पाच मिनिटांनी तेच सांगायचे.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्याकडे प्रत्येकाची प्रयोगवही असते, पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली. दिवसभरात जे केलं ते त्यात शाईनं लिहायचं. संध्याकाळी साडेपाचला प्रत्येक पानाच्या तळाशी दुसऱ्या कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करायची. सहीच्या वर छापलेलंच असतं: वाचलं आणि समजलं. साक्षीदार त्या कामात नसलेलाच हवा, हा नियम. उद्या कधी कल्पना कुणाची यावरून वाद झाला, तर ही सही उपयोगी पडते. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, जोड्या लावून दिल्या होत्या. मी तिची साक्षीदार, ती माझी.

पहिली दोन वर्षं मी तिच्या वहीतली ओळ न् ओळ वाचली. चांगुलपणानं नव्हे, चुका काढायला. तिचं इंग्रजी कच्चं होतं, हिंदी माध्यमातून शिकलेली. मी पेन्सिलीनं खुणा करायची आणि ती मान हलवत दुरुस्त्या करायची. ते दिवस मला फार बरे गेले.

मग ती बीपीची गोळी आली. आधी ती माझ्याकडे होती, हे मला ठळक करून सांगायचंय. ओलसर हवा लागली की तिच्यावर तपकिरी ठिपके पडायचे. आमच्याकडे एक कपाट असतं, भर पावसाळ्यासारखी हवा कोंडून ठेवलेलं. त्यात गोळ्या महिनोन् महिने ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. वर्षभर मी पॉलिमर बदलले, त्यात मेण घालून पाहिलं, थर जाड केला, पातळ केला. तीनदा कपाट उघडलं आणि तीनदा गोळ्यांना ठिपके. तिसऱ्या वेळी सर फार गोड आवाजात म्हणाले, "आप थोड़ा दूसरा प्रोजेक्ट देख लीजिए," आणि माझ्यादेखत गोळ्यांची ती बरणी तिच्या टेबलावर ठेवली.

त्या दिवसापासून मला तिची वही वाचवेना. तिला यश येईल ही भीती प्रत्येक पानावर असायची. साडेपाच वाजले की ती वही पुढे करायची आणि मी डावा पंजा मजकुरावर पालथा ठेवून खालच्या कोपऱ्यात सही ठोकायची. तारीख तेवढी बघायची. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मन लावून वाचत्येय. न वाचता सही करणं आमच्या धंद्यात किती वाईट, हे मला ठाऊक होतं. नव्या लोकांना ते मीच शिकवत होते.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला, त्यात आईनं दिलेला हलवा होता. आई अजून घरी करते. ती समोरच जेवत होती. तिनं एक दाणा उचलून उजेडात धरला. तिच्या घरी हलवा कुणी करत नसे, तिनं फक्त बाजारातला पाहिलेला.

"हे कांटे कसे येतात, ताई?"

मला माहिती सांगायला आवडतं. मी सांगितलं की परातीत तीळ घेऊन मंद आचेवर ठेवायचे, वर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, तो वाळेपर्यंत दुसरा चमचा घालायचा नाही.

"आणि पाक पहिल्यापासून तेवढाच?"

"नाही गं. सुरुवातीला अगदी पातळ, आणि थेंब थेंब. पहिले पंधरा-वीस चमचे आई मला बोलूसुद्धा देत नाही. तिथे घाई केली की तीळ आतून ओले होतात, मग वर कितीही पाक घाला, काटा धरत नाही. तुझी ती गोळी तरी काय वेगळी? पाण्याचीच भीती असलेल्या गोळीवर पाण्यातलं द्रावण सरसकट मारत बसतेस. आधी थोडं फवारायचं, थांबायचं, वाळू द्यायचं. पहिला थर बसला की मग हाण."

हे मी शहाणपणा दाखवायला बोलले. बोलून डबा बंद केला. ती मात्र जेवायची थांबली होती. "वो क्या आहे ना ताई, हे आपल्यात कुणी करून पाहिलंच नाही," एवढं म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या चार-सहा महिन्यांत काय झालं, तुम्ही ओळखलंच असेल. ती पिंप चालू-बंद करत राहिली. पहिल्या थराला किती थांबायचं, हवा किती गरम, मेण कितपत, हे सगळं तिनं बसवलं. कपाट उघडलं तेव्हा गोळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सरांनी सगळ्यांना पोहे-जिलेबी दिली आणि सांगितलं की याचं पेटंट करायचं, शोधक म्हणून दोन नावं जातील, त्यांचं आणि तिचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हलवा माझ्या आईचा, बोललेली मी आणि नाव तिचं! जिलेबी मी तशीच कागदात गुंडाळून ठेवली. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग सरांना सांग ना सरळ." पण मला सांगायचं नव्हतं. मला विचारलं जायला हवं होतं. आणि याहून जास्त सलणारी गोष्ट मी नवऱ्यालाही बोलले नाही. वर्षभर ती गोळी माझ्या हातात होती, लहानपणापासून मी हलव्याच्या परातीशी बसत आले, आणि तरी दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा प्रश्न मला पडला नाही. तिला पडला. मी उत्तर दिलं होतं, पण प्रश्न तिचा होता. हे समजत होतं म्हणूनच जास्त जळत होतं.

मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. ती अधूनमधून माझ्याकडे काहीतरी विचारल्यासारखी बघायची. मी लक्ष दिलं नाही. मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं पडलंय.

पेटंटचं काम बघणाऱ्या एक वकीलबाई आल्या आणि दोन दिवस वह्या वाचत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. मीटिंगच्या खोलीत ती आधीच बसलेली होती, मांडीवर हात ठेवून. वकीलबाईंनी तिची वही माझ्यापुढे सरकवली आणि एका पानावर बोट ठेवलं.

तिच्या त्या गोल अक्षरात, कच्च्या इंग्रजीत पहिली ओळ होती: आजच्या प्रयोगाची मूळ कल्पना माझी नाही. पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट. हलवा म्हणजे काय, ते तीन ओळींत. माझ्या आईचाही उल्लेख होता. आणि पानाच्या तळाशी, वाचलं आणि समजलं या अक्षरांखाली, माझी सही.

पुढचं पान, त्याच्या पुढचं. जिथे जिथे तिनं ती थांबण्याची रीत वापरली होती, तिथे माझं नाव होतं. सगळ्या पानांवर मी सह्या केलेल्या.

वकीलबाई सावकाश बोलत होत्या, बहुधा माझा चेहरा बघून. "कल्पना आपकी है तो आपका नाम शोधकांत यायला पाहिजे. लेकिन साक्षीदार पण आपणच, जो कामाबाहेरचा पाहिजे. म्हणून सीधा विचारते. न वाचता सही झाली असेल तर तसं सांगा. आपण एक वेगळं निवेदन जोडू, तुमची एक ट्रेनिंग परत होईल, बस. नाव चढेल. पण वाचून सही केली असेल, तर याचा अर्थ तुम्ही स्वतःच यात आपला हिस्सा मानला नाही. मग दोन नावं राहतील. तुम्ही हे वाचलं होतं का?"

नाव चढायला दोनच शब्द पुरेसे होते: वाचलं नव्हतं. जिलेबीच्या दिवसापासून मी ज्यासाठी जळत होते, ते टेबलाच्या पलीकडे तयार होतं. पण ती तिथे बसली होती. वाचलं नव्हतं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, का? त्याचं उत्तर मला तिच्यासमोर द्यावं लागलं असतं. विद्यापीठात पहिली आलेल्या बाईला बेटम्याच्या या मुलीचं काम वाचवत नव्हतं, एवढंच ते उत्तर होतं.

"वाचलं होतं," मी म्हणाले.

वकीलबाईंनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठून हात धरला. तिचे डोळे भरले होते. "ताई, तुम्हाला पहिल्यापासून मालूम होतं? मला वाटायचं तुम्ही वाचतच नाही, नाराज आहात. म्हणून मीच बोलले वकीलबाईंना, ताईंना बुलवा म्हणून. आणि तुम्ही तर... अपना नाम सोडून दिलं तुम्ही. मी असती ना, तर भांडून घेतलं असतं." मी काहीतरी पुटपुटले आणि हात सोडवून घेतला.

तिनं ही गोष्ट सगळीकडे सांगितली. सरांनी तर माझं उदाहरण नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली, साक्षीदार कसा असावा याचं. मी मूग गिळून ऐकत असते.

पेटंट मिळालं तेव्हा तिनं आम्हा दोघा नवरा-बायकोला बेटम्याला जेवायला बोलावलं. नाही म्हणायला मी तीन कारणं काढली, तिनं तिन्ही मोडून काढली. घर साधं, स्वच्छ. बैठकीत भिंतीवर कंपनीनं दिलेली फ्रेम होती, तीत दोन नावं. तिचे वडील, निवृत्त मास्तर, माझ्यासाठी उठून उभे राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस हात जोडून म्हणाला, "आपने हमारी बेटी को आगे किया. इतना बड़ा मन किसका होता है?" मग तिच्याकडे वळून, "सीख इनसे कुछ."

ती माझ्याच शेजारी बसली होती. लाजली नाही की वाईट वाटून घेतलं नाही. वडिलांचं अगदी बरोबर आहे अशी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत कौतुक होतं आणि त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नव्हतं. मी शोधून पाहिलं. मला ते शोधायची सवय आहे.

तिच्या हातांचा हेवा मी केला, तिला पडलेल्या प्रश्नाचा केला, फ्रेममधल्या नावाचा केला. त्या दुपारी दाल-बाफल्याचं ताट समोर असताना मला हेवा वाटला तो त्या नजरेचा. इतकी वर्षं मी लोकांकडे बघत आले, पण असं एकदाही कुणाकडे बघितलेलं नाही.