उजव्या विंगेत कोण होतं?

कुणी मला भुताखेतांची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी विचारते, "त्या दिवशी जेवणात काय होतं?" अपचन झालं की माणसाला बरंच काही दिसतं. माझा जन्म गणित शिकवण्यात गेला. सिद्धता दिल्याशिवाय ही देवालासुद्धा पास करायची नाही, असं आमचे हे म्हणायचे. नात मला इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचून दाखवते आणि मी नाक मुरडलं की म्हणते, "आजी, मग ते नाटकाचं काय?" तर ते नाटकाचं एकदा लिहूनच टाकते. टायपिंग तिचं, शब्द माझे.

गाव कोल्हापूर. संस्थान विलीन झालं त्या साली आम्ही आठवीत गेलो. मोठी माणसं चौकाचौकात गंभीर चेहऱ्याने बोलत होती, आणि आम्हाला आनंद कसला, तर हायस्कुलात गेलो म्हणून पायात नवीन चपला! शाळेचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात शाळेचं नाव सांगितलं की पेठ कळते, आणि पेठ कळली की भांडण आलंच.

वर्गात मुली मोजक्या, पुढच्या बाकांवर. मुलांशी बोलायचं नाही असा लेखी नियम नव्हता, पण बोलत कुणी नव्हतं. अपवाद दोघांचा. एक सदाशिव. रोज पहाटे तालमीत घुमायचा, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा आणि पहिल्या तासाला बसल्या बसल्या झोपायचा. सर फळ्याकडे वळले की आम्ही त्याच्या घोरण्यावर ताल धरायचो. दुसरा निवृत्ती. गडहिंग्लजकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोर्डिंगात राहायचा. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "अक्का, शाई हाय काय जरा?" माझ्याच वयाचा, पण मी कायमची अक्का झाले.

गॅदरिंगचं नाटक चिटणीस सर बसवायचे. आठवीत निवृत्तीने हौसेने काम मागितलं. सरांनी त्याला एक वाक्य वाचायला दिलं, "महाराज, गनीम आला." तो तालात म्हणाला, "म्हाराज, गनीम आला की वो!" वर्ग हसून लोळला. तोही हसला, पण पुन्हा काम मागायला आला नाही. सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला प्रॉम्प्टर केलं.

आणि काय सांगू, तसा प्रॉम्प्टर मी जन्मात पाहिला नाही! एरवी 'हाय-न्हाय' करणारा हा मुलगा विंगेतून कुजबुजायचा ती भाषा अगदी स्वच्छ, छापल्यासारखी. शिवाय त्याची एक रीत होती. वाक्य सांगण्याआधी तो दोनदा जीभ वाजवायचा, बैल हाकताना वाजवतात तशी. "बैल आन नट सारखंच, अक्का. आधी कान टवकारू द्यायचं, मग सांगायचं," असं त्याचं शास्त्र. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षं आम्ही त्या आवाजावर चाललो. पंचगंगेला पूर आला की शाळेला सुट्टी, आणि सुट्टीत पूर बघायला सगळा वर्ग घाटावर, म्हणजे शाळा भरल्यासारखीच. पन्हाळ्याच्या सहलीत सदाशिवने सगळ्यांच्या दशम्या संपवल्या आणि उतरताना पाय मुरगळलेल्या चिटणीस सरांना पाठुंगळी घेऊन फेड केली. किती हसलो आम्ही त्या वर्षांत! कशाला हसलो हे सांगितलं तर आता कुणाला हसू यायचं नाही.

मग अकरावी, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. सरांनी स्वतः नाटक लिहिलं. एक किल्ला, वेढा, आणि किल्लेदार मारला गेल्यावर किल्ला लढवणारी त्याची बायको. ती मी. दारवान सदाशिव. नाटकात दारवान मला दोनदा एकच प्रश्न विचारतो, "दरवाजा उघडू का, बाईसाहेब?" पहिल्या अंकात उत्तर, "थांब. आधी बाहेर कोण आहे ते पाहून ये." तिसऱ्या अंकात उत्तर, "उघड. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही." की मग शत्रू आत, लढाई आणि शेवट.

सरांचा जीव तिसऱ्या अंकावर. रोज तालीम सुरू व्हायची ती तिसऱ्यापासून. त्यामुळे तो प्रश्न कानावर पडला की माझ्या तोंडून 'उघड'च निघायचं! पहिल्याच अंकात 'उघड' म्हटलं की नाटक पंधरा मिनिटांत खलास. तालमीत दर वेळी निवृत्ती जीभ वाजवून मला अडवायचा आणि दर वेळी आम्ही हसायचो.

गॅदरिंग तोंडावर आलं आणि निवृत्ती तापाने फणफणला. टायफॉइड. त्याचे वडील येऊन त्याला एस.टी.ने गावी घेऊन गेले. जाताना तो माझ्याकडे बघून पुटपुटला, "पयल्या अंकात थांब, अक्का." त्या काळात टायफॉइड म्हणजे काय ते आताच्या मुलांना कळणार नाही. वर्गातलं हसू पळालं. रोज कुणीतरी एस.टी. स्टँडवर जाऊन गडहिंग्लजच्या गाडीतल्या माणसांना त्याची खबर विचारायचं. 'शुद्ध नाही' एवढंच कळायचं. मॅट्रिकची नाही, आम्हाला निवृत्तीचीच धास्ती होती. तो वाचेल ना, एवढा एकच प्रश्न.

नाटक शनिवारी दुपारी. मुलींनी दिवेलागणीआधी घरी पोचायचं होतं, म्हणून भर उन्हात नाटक! शाळेच्या पटांगणात टेबलं जोडून रंगमंच. डावीकडे विंग, तिथे प्रॉम्प्टिंगला आमच्या वर्गातला पहिला नंबर. उजवीकडे विंग नावालाच. पडद्यामागे भिंतीपर्यंत बाकं रचलेली, उंदीर शिरेल एवढीच जागा.

पहिला अंक रंगला. सदाशिव भाला आपटून म्हणाला, "दरवाजा उघडू का, बाईसाहेब?"

मी म्हणाले, "उघड. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही."

सदाशिवचा चेहरा पांढराफटक. मी डाव्या विंगेत पाहिलं, तर पहिला नंबर नाटक बघण्यात इतका गुंगलेला की हातातली संहिता बंद! दरवाजामागे शत्रू झालेली मुलं आत यावं की नाही म्हणून एकमेकांना ढकलताहेत...

आणि उजवीकडून आवाज आला. जीभ वाजली. दोनदा. मग ती ओळखीची, स्वच्छ कुजबुज, "—असं मी म्हणेन, तो दिवस अजून उजाडायचा आहे!"

मी तसंच्या तसं म्हणाले. पाठोपाठ माझं खरं वाक्य आपोआप आलं, "जा, आधी बाहेर कोण आहे ते पाहून ये!" पटांगण टाळ्यांनी दणाणलं. आणि तिसऱ्या अंकात जेव्हा मी खरोखरच "उघड" म्हणाले, तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या अंकातलं ते 'दिवस उजाडायचा आहे' मूळ नाटकात नव्हतं. सरांनी लिहिलेलं नव्हतं, मला सुचलेलं नव्हतं.

पडदा पडताच सदाशिव धावत आला. "निवृत्ती आलाय की गं! आइकलंस न्हवं?" म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. आम्ही दोघं उजवीकडे धावलो. बाकं, भिंत आणि धूळ. बोर्डिंगात गेलो. त्याची वळकटी कोपऱ्यात तशीच. स्टँडवर गेलो. कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

सदाशिव ऐकेना. "आलता. मी आवाज वळखतो," हेच पालुपद. शेवटी दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चिटणीस सर आणि त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, आम्हा दोघांना घेऊन पहिल्या गाडीने निघाले. वाटेत कागल गेलं. घराशी काय बघायला मिळणार हा विचार नको म्हणून मी मैलाचे दगड मोजत होते.

दारात त्याची आई, तो तिला आव्वा म्हणायचा, तांदूळ निवडत बसली होती. ते सूप बघूनच माझा जीव भांड्यात पडला. निवृत्ती आत झोपला होता. हाडांचा सापळा, पण ताप उतरत आलेला. आम्हाला बघून नुसता हसला.

आव्वा बाईंना सांगू लागली, "काल दुपारपातुर प्वार निपचित पडलंतं. ऊन कलताना जीब वाजवाय लागलं. म्या म्हनलं, सपनात बैलं हाकतंय. मग बोललं. तुमच्यावानी, पुस्तकातलं. आमच्यात आसं कोन बोलत न्हाय. काय ते मला सांगाय यायचं न्हाय, पर परत आइकलं तर वळखीन. आन तवापास्नं ताप उतराय लागला बगा."

सदाशिवने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच आम्हाला दटावलं, पोराला त्रास नको म्हणून. नाटकाचा विषय त्या घरात कुणी काढला नाही.

महिन्याभराने निवृत्ती वर्गात परतला. केस गेलेले, डोक्याला फडकं. सदाशिव रोज सकाळी गंगावेशीतून चरवी भरून दूध बोर्डिंगात पोचवायचा आणि समोर उभा राहून प्यायला लावायचा. आम्ही निवृत्तीला खोदून खोदून विचारलं. "मला काय ठावं न्हाय अक्का. नाटक झ्याक झालं न्हवं? मग झालं!" तो मॅट्रिकला बसला. सगळेच बसलो. शेवटचा पेपर टाकला आणि रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली, मुलं-मुली एकाच घोळक्यात, चार वर्षांत पहिल्यांदाच.

सुट्टीत सदाशिवने टूम काढली की नाटक निवृत्तीच्या गावात करायचं, आणि दारवान निवृत्ती! सर पटकन हो म्हणाले. देवळासमोर, संध्याकाळचं ऊन असताना, सगळा गाव जमला. फेटा बांधून, भाला घेऊन निवृत्ती उभा राहिला आणि म्हणाला, "दरवाजा उगडू का, बाईसायब?" कुणी हसलं नाही. गावात तसंच बोलतात.

पहिल्या अंकात ते नवं वाक्य आता सरांनी कायमचं घातलं होतं. मी म्हणाले, "उघड. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही — असं मी म्हणेन, तो दिवस अजून उजाडायचा आहे!"

बायकांमधून आव्वा ताडकन उठली. "थांबा! ह्येच! ह्येच म्हनालतं माझं प्वार!" "त्यो दिस उजाडायचा हाय म्हनालं, तवाच म्या वळखलं, प्वार माझं जात न्हाय!"

मी रंगमंचावर उभी राहून रडू लागले. किल्ला, वेढा, सगळं विसरले. सर खाली मान घालून बसले.

निवृत्ती लाजून लालबुंद झाला होता. भाला आपटून ओरडला, "आव्वा, खाली बस की! माझं काम चाललंय न्हवं!"

गाव हसला तो अजून माझ्या कानात आहे.

मी अडखळले म्हणून तो तिथे बोलला, की तो तिथे बोलला म्हणून मी इथे सावरले? मी पुष्कळ डोकं खाजवलं. मला यातलं काही सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. सर गेले, आव्वा गेली, सदाशिवही गेला. निवृत्ती आहे. परवा फोनवर मी पुन्हा तेच विचारलं, तर नव्वदीला टेकलेला हा म्हातारा म्हणाला, "आव्वानं नाटक थांबवलं नसतं, तर माझं काम लय झ्याक झालं आसतं बग, अक्का!"