विजूतायचा वाटा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर एकच नाव आहे – विजया. माझी चुलत बहीण, आमची विजूताय. हे नाव मी इतकी वर्षं घरी कधी असं घेतलं नाही, मित्रांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आज प्रथमच सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी अभिमानाची गोष्ट सांगतो. अभिमान अजून आहे, तो लपवत नाही.

मी दहावीत असताना आमच्या शाळेत एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. निरनिराळ्या देशांतली पंधरा वर्षांची मुलं ती देतात. पाठ केलेलं तिथे चालत नाही. एखादा प्रयोग समोर ठेवतात आणि विचारतात, यावरून काय सिद्ध होतं, काय होत नाही? मालवणच्या किनाऱ्यावरची आमची शाळा, मासेमारी करणाऱ्यांची मुलं – आमच्याकडून कोण अपेक्षा ठेवणार? पण अहवाल आला, आणि विज्ञानात आमच्या शाळेचे मुलगे मोठमोठ्या देशांतल्या मुलग्यांच्या बरोबरीने उभे होते. मुली मागे होत्या. मुलगे पुढे – आणि त्यांत सर्वांत पुढे आमच्या वाडीचे चौघे. मी, दाजी, रुपेश आणि सुहास.

हे कसं झालं? इथेच तर सगळं आहे.

विजूताय तेव्हा नुकतीच बारावी सायन्स पास झाली होती. संध्याकाळी होड्या ओढून ठेवतात तिथल्या माडाच्या झापांच्या खोपीत ती आम्हा चौघांना शिकवायची. काही बोललं की तिचा प्रश्न ठरलेला – "कशावरसून म्हणतंस?" खारवलेले बांगडे वाळूवर लवकर सुकतात की दोरीवर, यावर आम्ही एकदा भांडलो. तिने मोजून सारखे बांगडे घेतले, मीठ सारखं, ऊन सारखं, फक्त जागा वेगळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कारण कळत नाही – हे आम्ही तिथे शिकलो, माश्या हाकलत. चाचणीत रोपांवरचा एक प्रश्न होता. त्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आम्ही चौघांनीही ती खोट लिहिली. आजही आठवलं की ऊर भरून येतो.

मुली का नव्हत्या त्या खोपीत? त्या वेळी त्या घरी मासळी निवडायच्या, पाणी भरायच्या. एवढंच कारण.

सत्कार ठरला. मुलग्यांच्या वतीने मला बोलायचं होतं. आदल्या दिवशी विजूताय म्हणाली, "भाषणात माझा नाव घे हां. बाबांका आयकाक व्हया."

"घेतंय गो," मी म्हटलं.

तिला बी.एस्सी. करायचं होतं. मुलीच्या शिक्षणाबद्दल काकांचं म्हणणं, "बारावी झाली, पुरे. सायन्स शिकान काय करतला चेडू?" काका माझ्या सत्काराला येणार होते. सगळ्या गावासमोर पुतण्याने सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं? बहुधा ऐकलं असतं. तिला तसं वाटत होतं, आणि मला ते माहीत होतं.

मंडपात शिरताना वर्गातल्या एकाने टोमणा मारला, "काय रे, चेडवान शिकवल्यान तुमका?" बाकीचे हसले. मीही हसलो – आणि म्हणालो, "खुळो की काय?"

मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, मुलग्यांचं डोकं विज्ञानाला उपजतच चांगलं असतं, हा अहवाल त्याचा पुरावा. मग मी उठलो. मागच्या रांगेत विजूताय बसली होती, काकांच्या शेजारी. मी शुद्ध मराठीत म्हणालो, "आम्हा मुलांना विज्ञानाची उपजतच आवड आहे." टाळ्या पडल्या. पुराव्यातली खोट ओळखायला शिकलेला मुलगा मी – आणि समोरची खोट मला दिसत नव्हती? दिसत होती. मी खाली बसलो.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढत होते. कुणी पर्यटक गंमत म्हणून दोरीला लागला होता. जाळं वर आल्यावर माझ्या वडलांनी त्याच्या हातात बांगडे ठेवले. तो नको नको म्हणत होता. वडील म्हणाले, "घेवा हो. दोरयेक हात लावलात, वाटो तुमचो." रापणीची रीतच ती, लहानपणापासून पाहिलेली. त्या दिवशी मला तिथे उभं राहवेना.

वाटेत विजूताय भेटली. "बरा बोललंस," ती म्हणाली. "अगदी रेडिओवर बोलतत तसा." एवढंच. पुढे कधीही तिने तो विषय काढला नाही. तिला कॉलेजला घातलं नाही. वैभववाडीला लग्न झालं. आता ती नवऱ्याच्या दुकानात बसते.

मी बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुना हातात घेतला की तिचा प्रश्न कानात येतो. दाजी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि बिघाड शोधताना एका वेळी एकच भाग बदलतो. तो कोणाचा विद्यार्थी आहे, हे मला दिसतं. मला त्याचा अभिमान वाटतो. तिचा त्याहून जास्त.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं. म्हणून गेल्या आठवड्यात तिला पत्र टाकलं. ते असं –

प्रिय विजूताय,

सत्काराच्या दिवशी मी तुझं नाव घेतलं नाही. विसरलो नव्हतो. मुलं हसतील म्हणून गिळलं. काका ऐकायला बसले आहेत आणि तुझं शिक्षण त्यावर अवलंबून आहे, हे मला माहीत होतं.

आम्हा चौघांना विज्ञान तू शिकवलंस. हे मी रविवारी काकांच्या ओटीवर बसून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा सांगूक व्हया होतंस." मी हो म्हणालो.

तुझा,
संतोष