दाजींचा टक

आमच्या दाजींनी कुणाचं ऐकलंय असं आजवर झालेलं नाही. अलीकडे तर त्यांना ऐकूही येईना, म्हणजे विषयच संपला.

दाजी म्हणजे आकाराम, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही अक्का म्हणतो. शिरोलीच्या एमआयडीसीत माझा प्लास्टिकचा छोटा कारखाना आहे. ठिबकच्या पाइपांचे जोड, एल्बो, टी असला माल आम्ही काढतो, आणि त्याचे मोल्ड, म्हणजे साचे, दाजी बनवतात. कारखाना माझ्या नावावर आहे, पण आवाज त्यांचा. कसबा बावड्यातून स्कूटरवर आले की गेटपासूनच सुरुवात. झाडलोट नीट नाही, पान्हा जागेवर नाही, चहा पाण्यासारखा. मी मालक आहे हे ते फक्त पगाराच्या दिवशी मान्य करतात, आणि तेही तोंड वाकडं करून.

आता हा टक म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. टी नावाच्या जोडाला एक आडवं तोंड असतं. ते पोकळ यावं म्हणून मोल्डमध्ये बाजूनं एक पोलादी खुंटी घुसवावी लागते, आणि माल बाहेर पडण्याआधी ती मागे ओढावी लागते. ही खुंटी ज्या सरकत्या ठोकळ्यावर बसते ती स्लाइड. मोल्ड उघडताना एक तिरकी पिन स्लाइडला बाहेर ओढते. पण मोल्ड पुरता उघडला की पिन तिच्यातून निघून जाते आणि स्लाइड बेवारशी उरते. तिनं आहे तिथंच थांबायचं असतं. वरच्या बाजूची स्लाइड कसली थांबते! वजनानं खाली घसरते. मग मोल्ड मिटताना पिनला आपलं भोक सापडत नाही, ती सरळ स्लाइडवर आदळते आणि केलेल्या कामाची माती होते. म्हणून स्लाइडच्या खाली स्प्रिंगवर हरभऱ्याएवढी गोळी बसवतात. स्लाइड बाहेर आली की गोळी तिच्या पोटातल्या खळग्यात अडकते आणि तिला धरून ठेवते. अडकताना आवाज होतो, टक.

मोल्ड मशीनवर चढवायच्या आधी दाजी स्लाइड हातानं ओढून हा टक ऐकणार. त्यासाठी एक बोट वर करणार, की सगळ्या शेडनं गप्प बसायचं. कॉम्प्रेसर बंद, ग्राइंडर बंद. एकदा मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होतो तर माझ्याही हातातला फोन काढून घेतला होता. टक आला की मोल्ड वर. नाही आला की परत खोला.

आणि असल्या माणसाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू, हातोडी आणि ग्राइंडरपायी. घरात टीव्ही इतका मोठा की बातम्या अख्ख्या गल्लीला फुकट. लेकीनं, क्रांतीनं, पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं. ते दाजींनी ड्रिलच्या डब्यात टाकलं. विचारलं तर म्हणाले, "म्हाताऱ्यांच्या कानात घालायचं असतंय त्ये."

मी हात टेकले. शेवटी एकदा तोंडावर सांगितलं, "दाजी, मशीन घाला न्हायतर घरी बसा. मोल्ड बाहेर करून घेतो मी." ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. अक्का रडत आली. "घरी बसलं तर त्यो माणूस खचंल रं बाळासो. ह्यो टीचा एक मोल्ड हू दे, मग बघू." मी म्हटलं बरं. हा मोल्ड सुरळीत चालला तर दाजी राहतील, नाहीतर नाही, असं ठरलं.

मग अक्कानं आपल्या परीनं हातभार लावला. रविवारी जोतिबाला जाऊन आली आणि सोमवारी डबा घेऊन थेट कारखान्यात हजर. दाजी चहाला गेले होते. टेबलावर मोल्ड उघडा पडलेला, स्लाइड काढून बाजूला ठेवलेली, सगळ्याला तेल लावलेलं. अक्कानं पिशवीतून मूठभर गुलाल काढला आणि "चांगभलं!" करून मोल्डवर उधळला. मंदिरात शिखरावर उधळावा तसा, अगदी मोकळ्या हातानं.

दाजी आले, मोल्ड गुलाबी बघितला आणि तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फडक्यानं खसाखसा पुसलं, स्लाइड बसवली, बोट वर केलं. कॉम्प्रेसर बंद झाला. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. त्यांनी स्लाइड ओढली, मान हलवली आणि मशीनवाल्या कृष्णातला अंगठा दाखवला. मोल्ड मशीनवर चढला. पहिल्यांदा उघडला, आणि मिटताना असा धाडकन आवाज आला की चहाचा कप माझ्या हातातून पडला.

तिरकी पिन मोडली होती. स्लाइडचा कोपरा उडाला होता. खोलून बघितलं, तर गोळी भोकात खाली रुतलेली आणि तिच्यावर गुलाल-तेलाचा चिखल. फडक्यानं वरचा गुलाल पुसला नव्हता, आत दाबला होता.

माझं डोकंच फिरलं. कृष्णातला विचारलं, टक ऐकला होतास का? "मला न्हाय आला मालक. पर दाजी म्हणालं आला." हा आमच्या कारखान्याचा कारभार! मग मी अक्कावर घसरलो. "काय गरज हुती गुलालाची? देवळात कमी पडलावता व्हय?"

अक्का डब्याची पिशवी छातीशी धरून उभी. "ह्यांच्या कानासाठी मागून आणलेला रं," एवढंच म्हणाली.

आता दाजी तिच्यावर तुटून पडणार, हे मी धरूनच चाललो होतो. आयता गुलाल सापडला होता. सगळा दोष त्याच्यावर टाकून माणूस मोकळा झाला असता, आणि मला बोलायला जागा उरली नसती. दाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मी काय ओरडलो ते त्यांना कळलं असेल की नाही, कुणास ठाऊक. पण तिचे डोळे त्यांनी बघितले.

"तिला बोलू नगंस," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "गुलाल पडला, खरं हाय. पर टक आला न्हवता. मला लई दिवस झालं टक ऐकाय येत न्हाय. हाताला कसलाबी हिसका लागला की आला म्हणतोय." मग खिशातली हत्यारांच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "उद्यापासनं येत न्हाय मी."

हेच तर मला पाहिजे होतं! आणि ते झालं तरी बरं वाटेना, त्याचा मला भयंकर राग आला. मी ड्रिलचा डबा आणला, टेबलावर उपडा केला, त्यातनं ते कानाचं मशीन शोधून त्यांच्या पुढ्यात आपटलं. त्यांना समजावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "जावा की! पर मोल्ड दुरुस्त करून जावा. आणि हे घालून करा!"

दाजी हलले नाहीत. अक्काच पुढे झाली. तिनं ते मशीन त्यांच्या कानात बसवलं. तिच्या बोटांचा गुलाल त्यांच्या कानाला लागला, तोही त्यांनी पुसला नाही.

नवी पिन झाली, स्लाइडचा उडालेला कोपरा वेल्डिंगनं भरून घासून झाला, गोळीचं भोक धुऊन झालं. टक ऐकायच्या दिवशी अक्का गुलालाशिवाय आली होती, मी पिशवीसुद्धा तपासली. दाजींनी बोट वर केलं. शेड गप्प झाली. त्यांनी स्लाइड ओढली.

टक.

आम्हा सगळ्यांना आला. पण मोल्डकडं कुणी बघत नव्हतं, सगळे दाजींकडं बघत होते. त्यांनी स्लाइड आत ढकलली, पुन्हा ओढली. मग पुन्हा. डोळे भरून आले तरी ओढतच होते. अक्कानं तोंडाला पदर लावला.

मग दाजी वळले, नाक ओढलं आणि म्हणाले, "स्प्रिंग कडक बसलीया. खोला परत."

"दाजी!" मी सवयीनं किंचाळलो. "चांगला हाय की मोल्ड!"

"वरडतोस कशाला, पावण्या? ऐकाय येतंय मला."