समासातली नाती

ऐंशीच्या सुमारास वाशीच्या बस थांब्यावर ती रोज माझ्या पुढे उभी असायची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी. लेखिका कायम एकच, दरवर्षी एखादं तरी पुस्तक काढणारी अमेरिकन बाई. प्रत्येक पुस्तकात मोडकी घरं, मारहाण, खून.

“एवढं भयंकर कसं वाचवतं हो तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“लिहिणारीचं बघा ना,” ती हसली. “हे लिहून घरी शांतपणे स्वयंपाकही करत असेल.”

एका शनिवारी तिने वाचून झालेलं पुस्तक मला दिलं. परकी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तिने समासात पेन्सिलीने नाती लिहिली होती. एका नावापुढे ‘सासरे’, दुसऱ्यापुढे ‘मोठ्या जाऊबाई’. मलाही वाचायला सोपं गेलं. गोष्टीतली धाकटी सून सासूच्या जेवणात रोज थोडं थोडं विष कालवत होती. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘मी’.

आता ही स्वतःही आपल्या घरात धाकटीच सून होती. दुसरं काय लिहिणार? मी मनाला समजावत राहिले.

सोमवारी पुस्तक परत केलं. तिने नेहमीसारखा डबा पुढे केला. “घ्या ना, रव्याचे लाडू. सासूबाईंसाठी केलेत.”

बस खाडीपुलावर आली तरी लाडू माझ्या हातातच होता. खाववत नव्हता आणि टाकवतही नव्हता. पुढच्या सीटवर तिने नवं पुस्तक उघडलं आणि अंबाड्यातली पेन्सिल काढली.